अपडेटनंतर लॉगिन होईना: राजारामपुरीतल्या एका घराचं प्रकरण

या घरातल्या कुणाचं नाव इथे घेत नाही, गल्ली कितवी तेही सांगत नाही. घरातले दिवे, गिझर, मोटर वेळेवर चालू-बंद करणाऱ्या कंट्रोलरवरच्या सॉफ्टवेअरचं नावसुद्धा मुद्दाम टाळलंय, कारण जे झालं ते त्याच्यामुळे झालं नव्हतं आणि दुसऱ्या कुठल्याही कंट्रोलरवर अगदी असंच होऊ शकतं. मी कोल्हापुरात सीसीटीव्ही, नेटवर्किंग आणि गेली काही वर्षं स्मार्ट होमची कामं करतो. घरच्यांना विचारूनच लिहितोय. काकू म्हणाल्या, "लिही की, दुसऱ्या कुणाच्या आज्जीनं अंधारात भिंत चाचपडायला नको."

पार्श्वभूमी

राजारामपुरीतलं जुनं दुमजली घर. काका रिटायर्ड शिक्षक, काकू, आणि काकांच्या आई, ज्यांना सगळी गल्ली आज्जीच म्हणते. मुलगा पुण्यात नोकरीला, महिन्यातून एकदा येतो. लॉकडाऊनमध्ये घरी होता तेव्हा त्यानं हौसेनं हे सगळं बसवलं. टीव्हीच्या शोकेसमध्ये खाली एक रास्पबेरी पाय ४ नावाचा छोटा कॉम्प्युटर, तोच कंट्रोलर, त्यात एसडी कार्ड, त्यावर ओपन सोर्स होम ऑटोमेशनचं सॉफ्टवेअर. हॉलच्या भिंतीवर एक जुना टॅबलेट लावलाय, त्यावर सगळी बटणं दिसतात.

या कंट्रोलरवर चार महत्त्वाच्या गोष्टी चालतात. गेटवरचा दिवा आणि आज्जींच्या खोलीपासून बाथरूमपर्यंतच्या बोळातला दिवा, हे दोन्ही संध्याकाळी सातला लागतात. गिझर पहाटे साडेपाच ते सव्वासहा. खालच्या टाकीतलं पाणी वर चढवणारी मोटर सकाळी साडेसात ते आठ. मोटरला स्टार्टर वेगळा आहे, हातानं चालू-बंद करता येते. गिझरलाही बटण आहे. बोळातल्या दिव्याला मात्र बटणच नाही, मुलानं भिंत फोडायला नको म्हणून थेट वायरिंगमध्येच कंट्रोलरवरून चालणारं मॉड्यूल घातलं होतं. हे लक्षात ठेवा, सगळ्यात जास्त त्रास इथेच झाला.

जुलैमधल्या एका शनिवारी मुलगा घरी आला होता. रात्री जेवणं झाल्यावर त्यानं कंट्रोलर अपडेट केला. अपडेटच्या माहितीत स्पष्ट लिहिलं होतं की यानंतर सगळ्या डिव्हाइसवर पुन्हा एकदा लॉगिन करावं लागेल. त्यानं स्वतःच्या फोनवर लॉगिन करून बघितलं, सगळं नीट चाललं. जाता जाता आणखी एक चांगलं काम म्हणून काकांच्या खात्याला टू-स्टेप लॉगिन चालू करून दिलं, म्हणजे पासवर्डनंतर फोनमधल्या अ‍ॅपवरचा सहा आकडी कोड टाकायचा. त्याच्या स्वतःच्या खात्याला ते आधीपासून होतंच. टॅबलेटवर लॉगिन करायचं राहिलं, काकांच्या फोनवरही राहिलं, आणि रविवारी सकाळी तो पुण्याला निघून गेला.

अडचण

रविवारी पावसानं नुसता जोर धरला होता. काका दर तासाला फोनवर पंचगंगेची पातळी बघत होते, राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका, जुलैत कोल्हापुरात दुसरा विषय नसतो. दुपारी एक-सव्वाच्या सुमारास लाईट गेली ती पावणेचारनंतर आली. लाईट आली पण इंटरनेट आलं नाही, कोपऱ्यावरच्या झाडाची फांदी पडून फायबरची वायर तुटली होती. कंपलेंट केल्यावर मंगळवारी माणूस येईल असं उत्तर मिळालं.

पाचच्या सुमारास काकांनी टॅबलेट बघितला तर लॉगिनचं पान. त्यांनी यूजरनेम टाकलं, पासवर्ड टाकला, तो बरोबर निघाला, पुढे कोड मागितला. फोनवरचं अ‍ॅप उघडून सहा आकडे टाकले. कोड चुकीचा. परत टाकला, परत चुकीचा. असं पाच वेळा झाल्यावर टॅबलेटवर वेगळाच मेसेज आला, प्रवेश नाही. मग त्यांनी फोनवरून प्रयत्न केला, तीन वेळा, तिथेही कोड चुकीचा.

सात वाजले. गेटवरचा दिवा लागला नाही, बोळातला दिवाही लागला नाही. पावसाळ्यातला अंधार, आज्जी भिंतीला हात लावत बाथरूमला निघाल्या, काकू धावत गेल्या म्हणून बरं. काकांनी मुलाला फोन केला. तो बाहेरून कंट्रोलरला जोडूच शकत नव्हता कारण घरात नेटच नाही. साडेसातला मला फोन आला.

पहिली रात्र: मी काय केलं आणि कुठे चुकलो

आठ वाजता पोचलो. पहिलं काम म्हणून बोळात एक साधा बॅटरीचा नाईट लॅम्प लावून घेतला, काकू म्हणाल्या आधी आज्जींचं बघ, मग तुझं ते मशीन. ते बरोबरच होतं.

राऊटर चालू होता, घरातलं नेटवर्क ठीक होतं, फक्त बाहेरचं नेट नव्हतं. लॅपटॉपला राऊटरची केबल लावली आणि कंट्रोलरचा आयपी, म्हणजे घरातल्या नेटवर्कवरचा पत्ता, टाकला, लॉगिनचं पान लगेच उघडलं. म्हणजे कंट्रोलर जिवंत आहे. काकांचा फोन घेतला तर अ‍ॅपमध्ये याच घराच्या नावानं दोन नोंदी. मुलानं क्यूआर कोड दोनदा स्कॅन केला होता, पहिल्यांदा मधेच रद्द झालं आणि दुसऱ्यांदा झालं. मला वाटलं सापडलं, काका जुन्या नोंदीतला कोड टाकतायत. दोन्ही नोंदींचे कोड एकेकदा टाकून बघितले. दोन्ही चुकीचे.

मग मुलाला फोनवर घेतलं. म्हटलं, "भावा, तुझ्या खात्यानं आत जाऊया, तुझा पासवर्ड टाकतो आणि तू कोड वाच." त्यानं वाचला, मी टाकला, चुकीचा. दोघांनाही वाटलं वाचून टाकेपर्यंत वेळ गेला असेल. नवीन कोड आल्या आल्या त्यानं परत वाचला, मी लगेच टाकला, तरी चुकीचा. चार प्रयत्न झाले होते. पाच चुका झाल्या की त्या डिव्हाइसचा नेटवर्कवरचा पत्ता ब्लॉक होतो, टॅबलेटचं तेच झालं होतं हे मुलानं सांगितलं, म्हणून मी थांबलो.

हा या प्रकरणातला पहिला मोठा वळणाचा क्षण. दोन वेगळी खाती, दोन वेगळे फोन, एक कोल्हापुरात एक पुण्यात, आणि दोघांचेही कोड नाकारले जातायत. पुण्यातल्या फोनवरचा कोड आदल्या रात्री चालला होता. म्हणजे बिघाड फोनमध्ये नाही, कंट्रोलरकडे आहे. इथपर्यंत मी पोचलो, पण इथून पुढे चुकीचा रस्ता धरला. काल अपडेट झालंय, आज कोड चालत नाही, म्हणजे अपडेटनं टू-स्टेपची फाईल बिघडवली, असं मी ठामपणे सांगून टाकलं. मुलालाही पटलं. एकदा असं पटलं की मग जे दिसेल ते त्यातच बसवायला लागतो माणूस.

आणि तसंच झालं. नऊच्या पुढे मी राऊटर एकदा बंद करून चालू केला. थोड्या वेळानं बोळातला दिवा आपोआप लागला, गेटवरचाही लागला. मी म्हटलं, बघा, राऊटर रीस्टार्ट केल्यावर जरा हललं. काकू घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "नऊ एक्केचाळीस झालेत. रोज सातला लागतोय." मी हो म्हणालो आणि सोडून दिलं. त्यांनी अख्खं उत्तर माझ्या हातात दिलं होतं आणि मी ऐकून घेतलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

पर्याय कोणते होते

रात्री दहाला हॉलमध्ये बसून, पुण्याचा फोन स्पीकरवर ठेवून आम्ही सगळे पर्याय काढले.

सगळ्यात पुढे होता तो म्हणजे कार्ड पुसून सॉफ्टवेअर नव्यानं टाकायचं. एक-दीड तासाचं काम, माझ्या लॅपटॉपवर इमेजसुद्धा, म्हणजे कार्डवर टाकायची सॉफ्टवेअरची तयार फाईल, मोबाईल डेटावरून उतरवून ठेवली होती. मी विचारलं बॅकअप आहे का. मुलगा म्हणाला, आहे, रोज होतो. कुठे होतो? यावर तो थोडा वेळ गप्प झाला. बॅकअप त्याच एसडी कार्डवर होत होता. कार्ड पुसलं असतं तर पाच वर्षांची सगळी जुळवाजुळव गेली असती आणि बॅकअपही त्याच्याबरोबर. हा एक प्रश्न विचारला नसता तर त्या रात्री मी ते करून बसलो असतो, आणि खरं सांगायचं तर त्यानं लॉगिन चालूही झालं असतं, सगळ्यांना वाटलं असतं अपडेटच खराब होतं.

दुसरा पर्याय म्हणजे अपडेट मागे घ्यायचं. त्यासाठी आत जायला लागतं, आणि तेच तर होत नव्हतं.

तिसरा, पायला कीबोर्ड आणि स्क्रीन लावून थेट कन्सोलवरून खात्याचं टू-स्टेप काढून टाकायचं. हे योग्य होतं. पण पाय ४ ला मायक्रो एचडीएमआय लागतं, टीव्हीच्या मागची साधी केबल त्याला बसत नाही. माझ्याकडे ती केबल नव्हती, मुलाच्या खोलीतल्या खोक्यात शोधली, मिळाली नाही. रविवार, रात्रीचे दहा आणि असला पाऊस, दुकान कुठलं उघडं असणार.

चौथा, मंगळवारपर्यंत नेटची वाट बघायची. काकूंनी विचारलं, "नेट आल्यावर काय होणार?" मी म्हटलं, मुलगा पुण्यातून बघू शकेल. तेव्हा मला वाटत होतं की नेटचा उपयोग तेवढाच.

पायची पिन काढून परत लावूया का असं काकांनी दोनदा विचारलं. मी नको म्हटलं, चालू असताना वीज तोडली की एसडी कार्ड खराब होण्याची भीती असते आणि बॅकअप त्याच कार्डावर आहे हे आता कळलं होतं. ठरलं असं की रात्री काहीच करायचं नाही. सकाळी केबल घेऊन यायची, गिझर आणि मोटर हातानं चालवायची. निर्णय चांगला होता, कारण मात्र अजून चुकीचंच डोक्यात होतं.

सोमवार सकाळ: घड्याळ

सव्वाआठला काकूंचा फोन. "अरे, गिझर आत्ता आपोआप चालू झालाय. मी पहाटे बटणानं लावून बंद केलेला, आता परत लाल दिवा लागलाय. आठ अकराला लागला, मी समोरच होते."

तेव्हा मी कागद घेतला. दिवा सातचा, लागला नऊ एक्केचाळीसला. गिझर साडेपाचचा, लागला आठ अकराला. दोन्हीत फरक दोन तास एक्केचाळीस मिनिटं. आणि रविवारी लाईट किती वेळ गेली होती? सव्वा ते पावणेचार-चार. तेवढीच.

कंट्रोलर अजिबात बिघडला नव्हता. तो रोजच्यासारखंच काम करत होता, फक्त पावणेतीन तास मागच्या वेळेत.

याचं कारण साधं आहे आणि मला ते माहीत होतं, माहीत असून सुचलं नाही. रास्पबेरी पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळच नसतं. आपल्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर जो गोल सेल असतो, जो वीज गेली तरी वेळ मोजत राहतो, तो त्यात नाही. पाय चालू असताना दर थोड्या वेळानं शेवटची वेळ कार्डवर लिहून ठेवतो. वीज गेली की तिथेच थांबतो. परत चालू झाला की त्या लिहून ठेवलेल्या वेळेपासून पुढे मोजायला लागतो आणि मग एनटीपीनं, म्हणजे इंटरनेटवरून घड्याळ जुळवण्याच्या पद्धतीनं, खरी वेळ मागून घेतो. १९८५ पासून चालत आलेली पद्धत आहे ती, आणि नेट असलं की काही सेकंदात वेळ जुळते, म्हणून एरवी कुणाला कळतही नाही. त्या दिवशी वीज आली पण नेट आलं नाही, त्यामुळे खरी वेळ विचारणार कुणाला.

आता कोडचं बघा. फोनमधलं अ‍ॅप कोड कुठूनही मागवत नाही, विमान मोडमध्येही तो येतोच. क्यूआर स्कॅन करताना एक गुप्त किल्ली फोनमध्ये आणि कंट्रोलरमध्ये दोन्हीकडे साठवली जाते. मग १ जानेवारी १९७० पासून आत्तापर्यंत तीस-तीस सेकंदांचे किती तुकडे झाले तो आकडा आणि ही किल्ली मिळून सहा आकडे काढले जातात. दोन्हीकडे तोच हिशोब, म्हणून जुळतो. २०११ मध्ये हे प्रमाण म्हणून प्रसिद्ध झालं आणि बहुतेक सगळी कोडची अ‍ॅप तेच वापरतात. अर्धा-एक मिनिट इकडेतिकडे झालं तर सहसा चालवून घेतात. पावणेतीन तासाला कोण चालवून घेणार. काकांनी टाकलेला प्रत्येक कोड बरोबर होता, कंट्रोलरच्या दृष्टीनं तो अजून यायचा होता.

एक गैरसमज इथेच काढतो, मुलानंही तोच विचारला होता. टाइम झोन चुकला तर कोड चुकत नाही. हिशोब जागतिक वेळेवर होतो, भारताची वेळ साडेपाच तास पुढे दाखवणं हे फक्त दाखवण्यापुरतं. चुकायला मुळातलं घड्याळच चुकावं लागतं.

काय केलं

मोबाईलचं नेट वापरून लॅपटॉपची वेळ अचूक करून घेतली आणि दहाला परत त्या घरी. आधी खात्री करायची होती. लॉगिनच्या पानावर घड्याळ नसतं, पण बहुतेक वेब सर्व्हर प्रत्येक उत्तराबरोबर स्वतःची तारीख-वेळ पाठवतात, ती डोळ्यांना दिसत नाही एवढंच. ब्राउझरमध्ये डेव्हलपर टूल्स उघडून नेटवर्कच्या टॅबमध्ये पान रीलोड केलं आणि हेडरमधली तारीख बघितली. सकाळी सव्वादहा वाजले होते, म्हणजे जीएमटीनं पावणेपाच. कंट्रोलर सांगत होता दोन वाजून तीन मिनिटं. चार-पाच वेळा रीलोड करून सेकंदासकट फरक काढला: दोन तास, एक्केचाळीस मिनिटं, वीस सेकंद.

केबल मी त्या दिवशीही आणू शकलो नव्हतो, एक दुकान गाठलं तिथे नव्हती. मग विचार केला की कंट्रोलरचं घड्याळ पुढे करता येत नाही तर फोनचं मागे करू. काकांचा फोन विमान मोडवर टाकला, आपोआप वेळ घेण्याची सेटिंग बंद केली. अडचण अशी की अँड्रॉइड फोनमध्ये हातानं फक्त तास आणि मिनिट लावता येतात, आणि ओके दाबलं की सेकंद शून्यापासून सुरू होतात. म्हणजे बरोबर त्या सेकंदाला दाबायला हवं. हिशोब असा निघाला की लॅपटॉपवर १० वाजून ३१ मिनिटं २० सेकंद होतील तेव्हा कंट्रोलरकडे बरोबर ७ वाजून ५० मिनिटं होणार. फोनवर ७:५० लावून ठेवलं, काकांचं बोट ओकेवर, काकू लॅपटॉपकडे बघत मोठ्यानं मोजतायत, "सतरा, अठरा, एकोणीस, वीस, दाब!"

माझ्या लॅपटॉपवरून एकच प्रयत्न शिल्लक होता. मुलानं फोनवर सांगितलं की खालची नोंद नंतरची, तीच खरी. कोडला पूर्ण तीस सेकंद मिळावेत म्हणून एक कोड जाऊ दिला, नवीन आला तसा टाकला.

आत गेलो. काका खुर्चीतून उठून उभेच राहिले.

आत गेल्यावर पहिलं काम बॅकअप. काहीही बदलायच्या आधी एक पूर्ण बॅकअप माझ्या लॅपटॉपवर आणि एक काकांच्या पेनड्राइव्हवर उतरवला. मग टॅबलेटचा ब्लॉक झालेला पत्ता यादीतून काढला.

वेळ पुढे करायच्या आधी मात्र थांबलो, आणि हे थांबणं महत्त्वाचं ठरलं. कंट्रोलरच्या हिशोबानं सकाळचे आठ वाजायला आले होते, त्यामुळे मोटर चालू होती, खालून आवाज येत होता. बंद होण्याची वेळ आठची. मी घड्याळ एकदम दहा चाळीसवर नेलं असतं तर आठ वाजलेच नसते, मोटर बंद करण्याची सूचना उडीत राहून गेली असती आणि टाकी वाहत बसली असती, किंवा खालचं पाणी संपून मोटर कोरडी फिरली असती. काका खाली जाऊन स्टार्टरनं मोटर बंद करून आले, मी गिझर बंदच आहे ना ते बघितलं, आणि मग टर्मिनलमधून तारीख-वेळ बदलली.

वेळ बदलल्याबरोबर मी बाहेर फेकलो गेलो, परत लॉगिनचं पान. हे अपेक्षित होतं, कंट्रोलरच्या दृष्टीनं माझं लॉगिन एका क्षणात पावणेतीन तास जुनं झालं. काकांच्या फोनची वेळ परत आपोआपवर टाकली, विमान मोड काढला, कोड आला, टाकला, पहिल्या फटक्यात आत. टॅबलेटवर काकांनी स्वतः लॉगिन केलं. संध्याकाळी काकूंचा फोटो आला, बोळातला दिवा लागलेला आणि शेजारच्या भिंतीवरच्या घड्याळात सात.

त्यानंतर काय बदललं

मंगळवारी फायबर जोडून मिळाला. पुढच्या आठवड्यात मुलगा आला तेव्हा दोघांनी बसून चार गोष्टी केल्या.

पायला घड्याळाचं छोटं मॉड्यूल लावलं, डीएस ३२३१ चिपचं. पिना १, ३, ५, ७, ९ वर सरळ बसतं, कॉन्फिगच्या फाईलमध्ये एक ओळ घालावी लागते. वर्षाला साधारण एक मिनिट इकडेतिकडे होईल एवढं अचूक. एक काळजी घ्या, यातल्या काही स्वस्त मॉड्यूलवर सेल चार्ज करणारं सर्किट असतं आणि त्यात साधा सीआर २०३२ सेल घालणं धोक्याचं, चार्ज होणारा सेल लागतो किंवा ते सर्किट तोडावं लागतं. आम्ही बघूनच घेतलं. पाय ५ मध्ये हे घड्याळ बोर्डवरच येतं, पण त्यालाही सेल वेगळा जोडावा लागतो, नाहीतर असून नसल्यासारखं.

राऊटर आणि पायला छोटा यूपीएस बसवला. रोजचा बॅकअप आता पुण्यातल्या मुलाच्या कॉम्प्युटरवरही जातो.

टू-स्टेप ठेवायचं की नाही यावर बराच वेळ बोलणं झालं. काकांना नको होतं, मुलाला हवं होतं. मध्यम मार्ग असा निघाला की दोघांच्या खात्यांना ते राहील, पण एक तिसरं खातं काढलं जे फक्त घरातल्या नेटवर्कवरूनच चालतं, बाहेरून नाही, आणि त्याला कोड लागत नाही. त्याचा लांबलचक पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात घालून कपाटात, दागिन्यांच्या डब्याखाली. बाहेरून हल्ला करणाऱ्याला त्या खात्याचा उपयोग नाही आणि घरातला माणूस घराबाहेर राहणार नाही.

आणि बोळात भिंत फोडून साधं बटण बसवलं, आज्जींच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर. हे काम मी पैसे न घेता केलं, मला ते करावंसं वाटलं.

वेगळं काय करता आलं असतं

मुलानं अपडेटनंतर टॅबलेट आणि काकांच्या फोनवर तेव्हाच लॉगिन करून दिलं असतं तर कोडचा प्रश्न त्या दिवशी आलाच नसता. दिवे तरीही उशिराच लागले असते, पण टॅबलेटवरचं बटण दाबून लावता आले असते. अपडेट आणि टू-स्टेप एकाच रात्री करणं हीसुद्धा चूक, एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या की नंतर कशामुळे काय झालं ते कळत नाही.

माझ्याकडून सगळ्यात साधा उपाय राहून गेला. मोबाईलचं नेट लॅपटॉपवर घेऊन तिथून केबलनं राऊटरच्या वॅन पोर्टला, म्हणजे जिथे बाहेरचं नेट येतं तिथे, दिलं असतं तर कंट्रोलरनं स्वतःच वेळ जुळवली असती, फोनचं घड्याळ मागे नेण्याची गरजच नव्हती. हे मला सोमवारी दुपारी घरी जाताना सुचलं. रविवारी रात्री सुचलं असतं तर कारण न कळताही लॉगिन झालं असतं, ही त्यातली दुसरी बाजू. मंगळवारपर्यंत नुसतं थांबलो असतो तरी नेट आल्यावर सगळं आपोआप ठीक झालं असतं आणि आम्ही सगळे अपडेटलाच दोष देत राहिलो असतो, पुढच्या पावसात परत तेच.

आता कुणाचा कोड चालत नाही असा फोन आला की मी पहिला प्रश्न विचारतो, मधे लाईट गेली होती का आणि नेट चालू आहे का. आणि दुसरा प्रश्न घरात दिवसभर असणाऱ्या माणसाला विचारतो, फोन करणाऱ्याला नाही: कुठला दिवा, कुठली मोटर वेळ सोडून चालू झाली का?

मॉड्यूल बसवल्यावर त्या घरी आम्ही एक चाचणी घेतली. संध्याकाळी सहाला फायबरची वायर काढली, यूपीएस बाजूला केला, कंट्रोलर नीट बंद करून पिन काढली आणि चाळीस मिनिटं तसंच ठेवलं. परत चालू केल्यावर सगळे बोळाच्या तोंडाशी येऊन थांबलो. आज्जींना खुर्ची आणून दिली. बरोबर सातला दिवा लागला. आज्जी म्हणाल्या, "लागला की. बटण चालतंय का बघा आता," आणि स्वतः उठून दाबून बघितलं.